पर्यायी मार्ग जमिनीखाली वेगळा असतो का?

दूरसंचाराचे फायबर (प्रकाशातून डेटा नेणारा काचेचा धागा) तुटल्यावर जाळे किती मिलिसेकंदांत सावरले, हे सगळेच विचारतात. डेटाची वाहतूक ज्या मार्गावर वळवली तो जमिनीखाली खरोखर वेगळा होता का, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

वेगाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. एसडीएच (फायबरवरून डेटा नेण्याची एक प्रमाणित पद्धत) रिंगमध्ये, म्हणजे वर्तुळाकार जोडलेल्या जाळ्यात, बिघाड लक्षात आल्यापासून 50 मिलिसेकंदांत वाहतूक दुसऱ्या बाजूने वळावी, असा दंडक आहे. ‘एक अधिक एक’ संरक्षणात तर तोच संदेश दोन्ही मार्गांनी सतत येत असतो आणि घेणाऱ्या टोकाला फक्त चांगला संदेश निवडायचा असतो. त्याची किंमत म्हणजे कायमची अडकलेली दुप्पट क्षमता. मेश जाळ्यात, म्हणजे जिथे केंद्रे एकमेकांशी अनेक वाटांनी जोडलेली असतात तिथे, राखीव क्षमता अनेक जोडण्यांना वाटून घेता येते, पण नवा प्रकाशमार्ग उभारताना वाटेत प्रकाश वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरमधील प्रकाशाची पातळी स्थिरावू द्यावी लागत असल्याने तिथे वेळ अधिक जातो.

हे सारे ‘दोन्ही मार्ग खरोखर वेगळे आहेत’ या ज्या गृहीतकावर उभे आहे, तेच अनेकदा कच्चे असते. 18 जुलै 2001 रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली, तेव्हा त्या बोगद्यातून गेलेल्या अनेक कंपन्यांच्या फायबर केबल एकाच वेळी निकामी झाल्या. एका कंपनीकडून मुख्य आणि दुसरीकडून पर्यायी मार्ग घेतला की आपण सुरक्षित झालो, असे मानणाऱ्यांनी ही घटना जरूर अभ्यासावी. नियोजनात अशा मार्गांना ‘समान जोखीम गट’ म्हणतात, आणि एकाच डक्टमधून (केबलसाठी जमिनीत टाकलेल्या नळीतून), पुलावरून किंवा बोगद्यातून जाणारे दुवे एका गटात नोंदवले असतील तरच सॉफ्टवेअर त्यांना एकमेकांचा पर्याय म्हणून निवडणार नाही. नोंद चुकली, तर 50 मिलिसेकंदांत वाहतूक तुटलेल्याच केबलकडे वळेल.

दुरुस्तीच्या वेळीही याच नोंदी कामी येतात. ओटीडीआर हे फायबर तपासणारे उपकरण प्रकाशाचा स्पंद सोडते आणि परतणाऱ्या प्रकाशावरून अंतर मोजते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जात असल्याने दर किलोमीटरच्या जाण्यायेण्याला साधारण 10 मायक्रोसेकंद लागतात, म्हणून परतावा 400 मायक्रोसेकंदांवर संपला तर तूट 40 किलोमीटरवर आहे. हे अंतर मात्र फायबरचे असते, रस्त्याचे नव्हे. जमिनीतल्या चेंबरमध्ये (केबल जोडण्याच्या खड्ड्यात) जास्तीच्या केबलची वेटोळी ठेवलेली असतात, शिवाय केबलच्या आत फायबर पीळ देऊन बसवलेले असल्याने केबलपेक्षा थोडे लांब असते. वेटोळ्यांची नोंद नसेल, तर पथक भलत्याच ठिकाणी खणते.

फ्यूजन स्प्लायसिंगने (फायबरची टोके वितळवून जोडण्याने) जोड नीट बसला, तर त्यातील प्रकाशाची घट 0.1 डेसिबलहून कमी राहते. तरीही वाहतूक लगेच मूळ मार्गावर आणत नाहीत, कारण शेजारच्या धाग्यांवर काम चालू असताना जोडलेला धागाही क्षणभर हलू शकतो. एसडीएचमध्ये त्यासाठी 5 ते 12 मिनिटांचा प्रतीक्षाकाल ठेवलेला असतो. तेवढ्या वेळात पथकाने नव्या जोडाचे ठिकाण, वाढलेली लांबी आणि बदललेला डक्ट नोंदवावा, असा माझा आग्रह असतो.