‘मोकळी’ आणि ‘सुटले’

दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म रात्री छपाईला जायचा होता. संध्याकाळी सहाला संपादकांचा फोन आला. “ताई, दोन किरकोळ बदल केलेत, बघून घ्या.” ‘किरकोळ’ ऐकलं की अनुवादकाच्या पोटात गोळा येतो.

कथा अमेरिकन लेखिका केट शोपॅनची, ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’, १८९४ची. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी येते. लुईझ बहिणीच्या मिठीत रडते, मग एकटीच खोलीत जाऊन उघड्या खिडकीपाशी बसते. बाहेर वसंत आलेला. बघता बघता तिच्या ओठांवर येतं, ‘फ्री, फ्री, फ्री!’ शेवटी नवरा जिवंत परततो, ती जागीच जाते, आणि डॉक्टर म्हणतात, आनंदाने गेली.

त्या ‘फ्री’वर माझे चार दिवस गेले होते. ‘स्वतंत्र’ भाषणातला. ‘मुक्त’ म्हटलं की मोक्ष आठवतो. ‘सुटले’ जिभेवर आपसूक येतो. पण अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की आपण म्हणतो ‘सुटला बिचारा’. सुटायला आधी जाच लागतो. लुईझच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिच्यासाठी प्रेमाखेरीज कधी काही दिसलं नव्हतं, असं शोपॅन स्वच्छ लिहिते. तरीही पुढची वर्षं आपली एकटीची, याचा तिला आनंद होतो. म्हणून ‘मोकळी’. अंबाडा सोडल्यावर केस होतात तशी.

प्रूफात ‘मोकळी’चं ‘सुटले’ झालं होतं आणि प्रेमाचं वाक्य गायब.

“नवरा चांगला दाखवला तर वाचक तिच्या बाजूने कसा उभा राहील?” संपादक म्हणाले. भला माणूस, स्त्रीप्रश्नावर तळमळीने लिहिणारा. पण बाईने तक्रार केलेली त्यांना चालते, तिला सुख झालेलं चालत नाही. शोपॅनच्या देशात तरी काय झालं? १८९९मध्ये तिची ‘द अवेकनिंग’ ही कादंबरी आली, समीक्षकांनी रोगट ठरवली. नायिका एडना सुख घेते आणि पस्तावत नाही, हेच खुपलं. १८९८मध्ये लिहिलेली, अशाच सुखाची ‘द स्टॉर्म’ ही कथा तर छापली गेली १९६९मध्ये, शोपॅन जाऊन ६५ वर्षं झाल्यावर.

अर्धा तास भांडले. तडजोड अशी झाली की वाक्य परत येईल, ‘सुटले’ राहील. फॉर्म खोळंबला होता. मी हो म्हटलं.

अंक निघाल्यावर एका वाचक बाईंचा फोन आला. कथा फार आवडली होती. “सुटली असती हो बिचारी, पण मेला परत आला!”

“त्याचं तिच्यावर प्रेम होतं, ते वाचलंत ना?”

“असं आहे त्यात?”

मी त्यांना पान क्रमांक सांगितला.