उजनी ‘मायनस’मध्ये गेली की

उजनी धरण ‘मायनस’मध्ये गेल्याची बातमी आली की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो आणि फोटोवाले बॅगा भरायला लागतात. हे विचित्रच आहे, पण आहे खरं. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाशी राखीव धरलेलं पाणी. पेपरात रोज येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा उणे होतो. तो जितका खोल जातो, तितकं १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्यात गेलेलं एकेक वर यायला लागतं: पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ, कुगावचा इनामदार वाडा, ठिकठिकाणची जोती, पायऱ्या, विहिरी.

अशा ठिकाणचे बरेचसे फोटो सारखेच दिसतात. रंग काढून टाकलेले, कॉन्ट्रास्ट ताणलेला, आभाळ काळंकुट्ट. ओसाडपणा एडिटिंगमध्ये चढवावा लागतो, कारण जाताना ना पाण्याची पातळी बघितलेली असते, ना सूर्य कुठून उगवतो ते. या दोन गोष्टी जमल्या तर बाकीचं काम सोपं आहे.

आधी पातळी. देवळाच्या पायाशी पाणी असतं तेव्हा प्रतिबिंब मिळतं, पण जायला होडी लागते. पाणी सरकून सगळं भेगाळलं की चालत जाता येतं. या दोन्हींच्या मधला आठवडा-पंधरवडा सगळ्यात वाईट, आणि नेमका तोच मोहात पाडतो. देऊळ मोकळं झालेलं दिसतं, मधे ना पाणी ना जमीन, नुसता गाळ. तेव्हा काठावरून टेलिलेन्स लावावी आणि घरी यावं.

आता ऊन. मे महिन्यात आपल्या अक्षांशावर सूर्य पूर्वेच्या साधारण वीस अंश उत्तरेला उगवतो आणि तसाच पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. त्यामुळे पूर्वाभिमुख देवळाच्या उत्तर भिंतीवर, जिथे हिवाळ्यात कधी ऊन फिरकत नाही, तिथे सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते पावणेसात अगदी तिरपं ऊन घासून जातं. झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं ते याच वेळी. मेच्या मध्यानंतर दक्षिण भिंतीवर दिवसभर थेट ऊन येत नाही. ती भिंत सावलीतच, समोरच्या गाळावरून परतणाऱ्या उजेडात टिपायची. तो उजेड मऊ असतो आणि एका परीने बराही. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, इथे मेच्या मध्यावरच येतो, त्यामुळे दहा ते चार कॅमेरा बॅगेत राहिलेला बरा. भर दुपारी खांबसुद्धा सपाट दिसतात. शिवाय नऊनंतर जमीन तापली की शंभर मीटरपलीकडचं सगळं थरथरायला लागतं. टेलिलेन्सचे फोटो मऊ आले म्हणून लोक लेन्सला दोष देतात. दोष तापलेल्या हवेचा असतो.

पायाखालची जमीन ही तर वेगळीच विद्या. वरची पपडी वाळलेली आणि खाली लोण्यासारखा गाळ, हे पाण्याच्या कडेला नेहमीचंच. भेगा बघून अंदाज येतो. भेग तळहाताएवढी रुंद, खोल आणि पपडीच्या कडा वर वळलेल्या असतील तर जमीन सहसा पेलते. भेगा केसासारख्या बारीक आणि रंग गडद असेल तर पुढे जायचं नाही. गुरांच्या खुरांच्या वाटेने चालावं. खूर बोटभर रुतलेला असेल तर ठीक, ढोपरभर खड्डे दिसले तर तिथूनच मागे. हातात काठी हवीच, कारण जुन्या गावठाणातल्या विहिरी गाळाने तोंडापर्यंत भरलेल्या असतात. वरून फक्त गोल, किंचित खोलगट आणि भोवतालापेक्षा ओलसर असा डाग दिसतो. एखाद्या बाजूला चिऱ्यांची कमान डोकावते, तीसुद्धा असलीच तर. अशा गोलावर पाय देऊ नये. गाळपेर करणाऱ्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करणाऱ्या, शेतकऱ्यांना विहिरी कुठे होत्या ते माहीत असतं. त्यांना विचारायचं.

तेच शेतकरी मागे हटणाऱ्या पाण्याच्या पाठीमागे उपशाच्या मोटारी नेतात. चाऱ्या खोदतात, पाइप जोडत जातात, आणि त्या पाइपांच्या सोबतीने विजेच्या केबल गाळावरून लांबवर पसरलेल्या असतात, जागोजागी चिकटपट्टीने जोडलेल्या. ओल्या गाळात केबल ओलांडायची नाही, ट्रायपॉडचा पाय तिच्यावर ठेवायचा नाही. पण ती फोटोतून पुसूही नये, असं माझं ठाम मत आहे. हेमाडपंती खांबाच्या बाजूने गेलेला काळा पाइप, मूर्तीच्या पायात अडकलेलं जाळं, भिंतीवर पाण्याने सोडलेल्या पांढुरक्या रेघा, कोनाड्यात वाळून चिकटलेले शिंपले आणि एखादी सुकलेली चिलापी मासळी: ही जागा अशी दिसते. पाइप पुसला की तो कुठल्याही पडक्या देवळाचा फोटो होतो.

सेटिंगचं बोलायचं तर वाळलेला गाळ फार उजळ असतो आणि फ्रेम त्याने भरली की कॅमेऱ्याचा मीटर फसून फोटो राखाडी काढतो. पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकून कापला जात नाही ना ते बघा. भेगा पुढ्यात घेऊन मागे देऊळ हवं असेल तर फुल-फ्रेमवर २० मिलिमीटर, एफ/११, कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणि फोकस सव्वा ते दीड मीटरवर. मग पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. एफ/२२ वर जाऊन काही मिळत नाही, उलट डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळंच मऊ होतं. शिखर पडतंय असं दिसू नये म्हणून कॅमेरा सरळ धरून लांबून घ्या, चारी बाजूंनी थोडी जास्त जागा सोडा. सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ करताना ती जागा कापली जाते. मात्र गाळात वास्तू खरोखरच कललेली असू शकते. ती बळंच सरळ करू नका. खूण म्हणून लांबचं क्षितिज बघा.

गाभाऱ्यात बाहेरच्यापेक्षा दहा-बारा स्टॉप कमी उजेड असतो. दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घेऊन ते एकत्र जोडले तरी भागत नाही. पाच किंवा सात लागतात. दार फ्रेममध्ये नसेल असा कोन धरला तर मुळात गरजच पडत नाही. फ्लॅश नको. आत वटवाघळं असतात, आणि दगडाचा पोतही मरतो. छत किंवा तुळई तडकलेली दिसली तर उंबऱ्यावरूनच फोटो घ्यावा. वर्षातले बरेच महिने पाण्यात काढलेल्या चुन्याच्या आणि विटांच्या बांधकामाचा भरवसा धरू नये.

ट्रायपॉडचं एक गुपित: नेहमी वरचा भाग आधी उघडतो, इथे सगळ्यात खालचा उघडा, म्हणजे कुलूप चिखलाच्या वर राहतं. पायांखाली डब्यांची प्लॅस्टिकची झाकणं ठेवा. नाहीतर लांब एक्स्पोजरमध्ये पाय मिलिमीटर-मिलिमीटर रुतत राहतो आणि फोटो हलतो. परत आल्यावर पाय धुऊन, वाळवूनच मिटवा. दुपारच्या वाऱ्यात लेन्स बदलू नका. गाळाची भुकटी टाल्कम पावडरीसारखी बारीक असते, आधी ब्लोअरने उडवायची, मगच कापड लावायचं.

वळवाची गोष्ट गंभीर आहे. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटून सहा जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट नसेल त्या होडीत बसू नये, आणि आभाळ भरायला लागलं की होडी किती स्वस्त आहे ते बघू नये. उघड्या पात्रात विजेसाठी सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉड. पहिल्या सरीनंतर थोड्याच वेळात काळा गाळ बुटाला किलोकिलोने चिकटतो, गाडी तर हलतच नाही. म्हणून ती पक्क्या रस्त्यावरच लावावी. पाऊस थांबल्यावर हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते आणि उत्तम उजेड मिळतो, पण तो फोटो काठावरूनच.

गोव्यात साळावली धरणातलं कुर्डी, म्हणजे मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, मे महिन्यात असंच वर येतं. तिथे सगळं गणित लाल मातीचं. ऑटो व्हाइट बॅलन्स तो तांबडेपणा धुऊन काढतो, म्हणून ‘डेलाइट’वर ठेवा. हिस्टोग्रामही तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्रित आलेख ठीक दिसत असताना लाल रंग आधीच फुटलेला, म्हणजे त्यातला तपशील गेलेला असतो. तिथले जुने रहिवासी उत्सवासाठी परत येतात. पळसदेवलाही देवाला फूल वाहणारे येतात. कॅमेरा काढण्याआधी चप्पल काढावी, आणि वीरगळ किंवा सतीशिळा स्पष्ट यावी म्हणून खडू, तेल, पाणी काही लावू नये. शिळा उचलून उजेडात ठेवणारे महाभागही असतात. तिची जागा हलली की अभ्यासकाच्या दृष्टीने अर्धी माहिती गेली.

ड्रोन उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी पोर्टलवरचा नकाशा बघा, धरणाच्या भिंतीपासून लांब राहा. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरलेले असतील तर उडवूच नका.

फोटोच्या नोंदीत तारीख, त्या दिवशीची साठ्याची टक्केवारी, उभं राहिल्याची जीपीएस जागा, लेन्स आणि कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा. पुढल्या उन्हाळ्यात त्याच टक्केवारीला त्याच जागेवरून फ्रेम जुळवली की कुठला कोपरा ढासळला, कुठला खांब गाळात आणखी खाली गेला, हे दोन फोटो शेजारी ठेवून मोजता येतं.