कुंडीत साठणारे तांबे

पाऊस लागला की मुंबईतल्या गच्च्यांवर आणि खिडक्यांच्या ग्रिलमध्ये वाढवलेल्या टोमॅटोवर करपा दिसू लागतो, आणि रोपवाटिकेत विचारले तर बहुतेक वेळा कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांबेयुक्त बुरशीनाशकाची पुडी हाती पडते. औषध जुने व खात्रीचे आहे, सेंद्रिय शेतीतही ते मर्यादेत मान्य आहे, म्हणून ते निरुपद्रवीच असणार, असा समज आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पक्का आहे. मला त्या समजाची काळजी वाटते.

औषधाच्या गुणाविषयी वाद नाही. 1885 साली फ्रान्समध्ये पिएर मियार्दे यांनी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचे मिश्रण द्राक्षांवरील केवडा रोगावर चालते हे दाखवून दिले, आणि कोकणातले बागायतदार आजही सुपारीच्या कोळेरोगासाठी तेच एक टक्का बोर्डो मिश्रण वापरतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून निवळी वाढवतात, कारण आम्ल मिश्रणाने कोवळी पाने करपतात. पानावर बसलेले तांबे बुरशीचे बीजाणू रुजू देत नाही. मात्र रोग पानात शिरल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

अडचण पुढची आहे. तांबे हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होत नाही. पावसाने पानावरून धुतले गेले की ते मातीच्या वरच्या थरातील सेंद्रिय पदार्थांना चिकटून वर्षानुवर्षे साठत राहते, आणि प्रमाण वाढले की गांडुळांना व उपयुक्त सूक्ष्मजीवांना बाधते. युरोपीय संघाने म्हणूनच सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. हा हिशेब चौरस मीटरला वर्षाकाठी 0.4 ग्रॅम इतका पडतो. आपण लिटरभर पाण्यात 50 टक्के तांब्याची अडीच ग्रॅम भुकटी घालतो, तेव्हा त्यात सव्वा ग्रॅम तांबे असते. म्हणजे एका लिटरच्या फवारणीतच तीन चौरस मीटरच्या बाल्कनीचा वर्षाचा वाटा संपतो. आणि आपण तर दर पंधरवड्याला फवारतो! शिवाय शहरातले पावसाचे पाणी पर्जन्यवाहिन्यांतून थेट खाडीत जाते, आणि पाण्यात विरघळलेले तांबे मासे, शेवाळ व बारीक जलचरांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते. ठाणे खाडी 2022 पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, हे मुलुंडकरांनी तरी ध्यानात ठेवायला हवे.

त्यातही पुष्कळशी फवारणी वायाच जाते. मिरचीची पाने आकसवणारा चुरडामुरडा हा रोग विषाणू, फुलकिडे किंवा कोळी कीड यांच्यामुळे येतो, तांब्याने तो हटत नाही. पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या भुरीवर गंधक अधिक उपयोगी. करप्यासाठी आधी डागाळलेली पाने काढावीत, कुंड्यांत अंतर ठेवावे, पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घालावे. एवढे करूनही औषध लागलेच, तर पावसाची उघडीप पाहून, पाने लवकर वाळतील अशा वेळी, लागेल तेवढेच द्रावण करावे आणि पंप धुतलेले पाणी मोरीत न ओतता त्याच झाडांवर फवारून संपवावे. छाटलेली फवारलेली पाने सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यात मात्र टाकू नयेत.