ऑलिंपियासला लिहिलेली १७ पत्रे

गेल्या आषाढात आई गेली, तेव्हा कोल्हापुरातल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण ‘धीर धरा’ म्हणत होता. माणसे जिव्हाळ्याची होती, पण तो धीर कुठून आणायचा हे मला कळत नव्हते. पंचगंगेच्या वाढत्या पाण्याच्या बातम्या चालू असताना, त्याच दिवसांत, मी संत योहान क्रिसोस्तोम यांनी ऑलिंपियासला लिहिलेली १७ पत्रे वाचली.

योहान कॉन्स्टँटिनोपलचे (आजच्या इस्तंबूलचे) धर्माध्यक्ष होते. राजदरबाराचा रोष ओढवल्यामुळे इ.स. ४०४ मध्ये त्यांना आर्मेनियाच्या डोंगरातील कुकुसुस या गावी हद्दपार करण्यात आले. ऑलिंपियास ही त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतील धनाढ्य विधवा आणि डीकनेस, म्हणजे चर्चची दीक्षित सेविका. मागे राहून तिलाही छळ सोसावा लागला. तिची पत्रे उरलेली नाहीत, त्यामुळे तिचे दुःख त्यांच्या उत्तरांवरूनच ताडावे लागते.

या खचलेपणाला योहान ‘अथुमिया’ हा ग्रीक शब्द वापरतात, हा खचलेपणा मरणाहून कठोर आहे असे म्हणतात आणि बायबलमधील दुःखग्रस्त ईयोबाचा दाखला देतात. ऑलिंपियासची श्रद्धा कमी पडली, असा ठपका मात्र ते ठेवत नाहीत. ते तिच्या निराशेला जखम मानतात, आणि जखमेची पट्टी जशी पुन्हा पुन्हा बदलावी लागते, तसे तेच सांगणे पत्रामागून पत्रात नव्याने सांगतात. मला सर्वांत जवळचे वाटले ते हिवाळ्यानंतरचे पत्र. थंडीने अंथरुणाला खिळलेले, एका खोलीत कोंडलेले, धुराने गुदमरलेले, उलट्या, डोकेदुखी आणि निद्रानाशाने गांजलेले असे आपले दोन महिने ते काहीही न लपवता लिहितात. दुसऱ्या एका पत्रात, एका बाईंनी पाठवलेल्या औषधाने आपले पोट तीन दिवसांत बरे झाले, तेव्हा तुम्हीही ते घ्या, असा आग्रह आहे. (उपदेशाच्या पत्रात औषधाची चौकशी यावी, हे मला फार मोलाचे वाटते.) इ.स. ४०७ मध्ये, आणखी दूर नेले जात असताना वाटेतच, त्यांचा मृत्यू झाला.

आईची धाकटी बहीण, माझी मिरजेची मावशी, तेव्हापासून खोलीबाहेर फारशी येत नाही. गेल्या रविवारी उपासनेहून परतल्यावर मी तिला पत्र लिहिले. मलाही पहाटे तीनला जाग येते हे सांगितले, तिच्या गुडघ्याला कोणते तेल चालते ते विचारले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहीन असे कळवले.