ब्रेकअपनंतर मी अडकले ती "माफ केलंस का?" या प्रश्नापाशी

ब्रेकअपनंतर रडणं, झोप उडणं, त्याचं स्टेटस बघत बसणं हे सगळं माझंही झालं, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते "माफ केलंस का?" या एका प्रश्नाबद्दल, कारण त्याने मला जितका त्रास दिला तितका कदाचित ब्रेकअपनेही दिला नाही.

थोडक्यात सांगते. आम्ही दोघं नाशिकचे, ख्रिस्ती, एकाच चर्चच्या मंडळीतले, क्वायरमध्ये म्हणजे चर्चच्या गायकवृंदात सोबत. घरच्यांची बोलणी झाली होती, साखरपुड्याची तारीख काढायची बाकी होती, आणि त्याने पुण्याहून फोन करून सांगितलं की त्याला हे पुढे न्यायचं नाही. नाशिकमधलं शरणपूर ही ख्रिस्ती मिशनने १८५० च्या दशकात वसवलेली वस्ती, आमच्यासारखी घरं पिढ्यानपिढ्या एकमेकांना ओळखतात, त्यामुळे दोघांची गोष्ट दोघांत राहतच नाही. पुढच्याच रविवारी उपासनेनंतर मला समजलं की सगळ्यांना सगळं माहितीये.

आईने मला एका प्रार्थना ग्रुपमध्ये नेलं. आईचा हेतू चांगलाच होता. पण तिथे पहिल्याच भेटीत एका ताईंनी विचारलं, "माफ केलंस का त्याला?" मी म्हटलं, अजून नाही जमत. तर म्हणाल्या, मग प्रभू तुला बरं कसं करणार, आत्ताच्या आत्ता मोठ्याने म्हण, मी माफ केलं. मी म्हटलं. घरी आले आणि रात्रभर छातीत तसंच दुखत होतं. पुढच्या आठवड्यात परत तोच प्रश्न, आणि वर असं की आता तू साक्ष दे, म्हणजे प्रभूने कसं बरं केलं ते सगळ्यांसमोर सांग, त्याने इतर मुलींना आधार मिळेल. साक्ष कशाची देऊ? मी बरी झालेच नव्हते. नाही म्हटलं तर "कटुता धरून ठेवली आहेस" असं ऐकवलं, आणि ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर माझं नाव घेऊन प्रार्थना विनंती टाकली, ती फिरत फिरत त्याच्या मावशीपर्यंत गेली. प्रार्थनेच्या नावाखाली कुणाच्या घरातली बातमी पसरवणं मला अजिबात मान्य नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

सोबत रोज कुणीतरी बायबलमधलं यिर्मया २९:११ पाठवायचं, तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत ते. मला आवडतं ते वचन, पण कृपा करून त्याच्या आधीचं दहावं वचन वाचा, तिथे बाबेलात, म्हणजे परक्या देशातल्या बंदिवासात, सत्तर वर्षं जातील असं लिहिलंय. आणि पाचव्या वचनापासून देव त्या बंदिवासातल्या लोकांना सांगतो की घरं बांधा, मळे लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. उद्या सकाळी सगळं ठीक होईल असं त्या अध्यायात कुठेही नाहीये.

सुटका झाली ती एका निवृत्त पाळकसाहेबांमुळे. त्यांनी प्रश्न विचारला नाही, आधी चहा दिला आणि बोलू दिलं. मग म्हणाले, "बाळ, मत्तय अठरा काढ." मला वाटलं सत्तर वेळा सात, म्हणजे भावाला तितक्या वेळा माफ कर, परत तेच. पण त्यांनी मला पंधराव्या वचनापासून वाचायला लावलं, तिथे येशू सांगतो की भावाने अपराध केला तर त्याला एकांतात त्याचा दोष दाखव. म्हणजे ज्या अध्यायात सत्तर वेळा सात आहे त्यातच दुखावलेल्या माणसाने बोलायचं आहे. मग त्याच अध्यायातला येशूने सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा. राजा दासाचं कर्ज सोडतो, पण त्याच्याआधी काय करतो? हिशेब घेतो. दहा हजार तालांत (त्या काळचं पैशाचं फार मोठं माप) असा आकडा समोर येतो, एखाद्या मजुराच्या कित्येक जन्मांत फिटणार नाही एवढं कर्ज. पुढे शंभर दिनारांचा कर्जदार येतो, तिथेही आकडा आहे, साधारण शंभर दिवसांची मजुरी. पाळकसाहेब म्हणाले, "किती गेलं ते बघितलंच नाहीस तर सोडणार काय?"

मी अकाउंट्सला आहे, सातपूरला एका कंपनीत, मला हे लगेच समजलं. घरी येऊन वहीत लिहायला बसले. वर्षं गेली. आईबाबांना लोकांसमोर उत्तरं द्यावी लागली. त्याच्यासाठी मी बंगलोरचा जॉब सोडला होता. त्याने समोर येऊन सांगितलं नाही, फोनवर सांगितलं, हे सगळ्यात शेवटी लिहिलं आणि तेच सगळ्यात मोठं निघालं. एकेक ओळ घेऊन प्रार्थना करत गेले, जी ओळ सोडता आली नाही ती तशीच ठेवली, प्रभूला म्हटलं ही आज होत नाहीये. काही ओळी पटकन गेल्या, फोनवाली पावसाळा संपेपर्यंत राहिली. पण गेली ती खरी गेली.

आणि माफ करणं म्हणजे परत बोलणं, मैत्री ठेवणं, वाढदिवसाला विश करणं नाही. बायबलमधल्या योसेफाला भावांनीच विकलं होतं, त्याने त्यांना माफ केलं पण ओळख लगेच दाखवली नाही, आधी ते बदललेत का ते बघितलं. सगळ्यांशी शांतीने राहा असं सांगणाऱ्या रोमकरांस पत्र १२:१८ मध्येसुद्धा "शक्य असेल तर" आहे. माझ्या बाबतीत शक्य नाही, आणि मला त्याचं ओझं वाटत नाही.

राहिलेलं आठवेल तसं सांगते. चर्च सोडू नका, पण काही रविवार दुसरीकडे बसलात तर त्यात पाप नाही. मी अधूनमधून नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात जाऊन बसायचे, मी प्रोटेस्टंट असले तरी, कारण तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. फेब्रुवारीतली यात्रा सोडून जा, तेव्हा मुंबईपासून लोक येतात आणि पाय ठेवायला जागा नसते. त्याचा नंबर ब्लॉक करा, "ख्रिस्ती माणसाने ब्लॉक करू नये" असं म्हणणारे भेटतील, ऐकू नका. आनंदाची स्तोत्रं तोंडातून निघत नसतील तर स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी गोड काही जोडलेलं नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मला त्याने फार धीर दिला.

झोप आणि जेवण गेलं असेल तर आधी ते बघा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडलाय, आणि दूत त्याला उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खायला देतो. जगणं नको वाटायला लागलं तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागतो, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

क्वायरमध्ये मी परत गेले, फक्त अल्टोची (बायकांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजाची) रांग बदलून घेतली. आणि देण्याघेण्याच्या वस्तू, साड्या, घड्याळ वगैरे, स्वतः नेऊन देऊ नका. आमच्याकडून मामा गेला, यादी करून दिली, त्यांच्याकडून सही घेतली, विषय संपला.