तुम्ही विचारलंत म्हणून: माझी मुलगी माझ्या शाळेत का नाही

“सत्तर हजार पगार घेता बाई, मग स्वतःची पोरगी झेडपीच्या शाळेत का नाही?”

मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका. हा प्रश्न मला लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, मतदारयादीचे फॉर्म घेऊन दारात उभी राहिले की विचारतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप झाला, तेव्हा सख्ख्या दिरानं जेवताना विचारला. इतकी वर्षं मी उलट बोलून वेळ मारून नेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारता का, कलेक्टरला विचारता का, मलाच का? ते उत्तर चुकीचं नाही. पण ते उत्तरही नाही.

पगाराचं आधी उरकते. २००९ साली शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिन्याला ३,००० रुपये मानधन होतं, तीन वर्षांसाठी. पुढे ते ६,००० झालं आणि दहा वर्षं तिथंच राहिलं. नव्या मुलांना १६,००० मिळायला लागले ते २०२३ मध्ये. मी नोव्हेंबर २००५ नंतरची, त्यामुळे जुनी पेन्शन मला लागू नाही. आणि आजचा पगार? चांगला आहे. ज्यांची पोरं मी शिकवते त्यांच्यापैकी एकाच्याही घरात महिन्याला एवढे पैसे येत नाहीत, हे मला रोज डोळ्यांनी दिसतं. त्यामुळे पगार कमी आहे असं मी म्हणणार नाही.

पण माझ्या पगाराकडे बोट दाखवून लोक म्हणतात, “शाळांवर सरकार एवढा खर्च करतं!” तो खर्च माझ्या घरात आला हो. शाळेत काय आलं ते विचारा. माझ्या शाळेएवढा पट असलेल्या शाळेला २०१८ साली वर्षाचं संयुक्त अनुदान ठरलं २५,००० रुपये. वीजबिल, खडू, रजिस्टरं, साफसफाई, गळणारा पत्रा, सगळं त्यात. माझा पट तेव्हा ३४ होता. भागून बघा, पोरामागे वर्षाला साडेसातशेही येत नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असं कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तोच आकडा पुन्हा छापला. मधल्या चोपन्न वर्षांत तो एकदाही गाठला गेला नाही. माझा पगार अर्धा केला तरी वाचलेला अर्धा माझ्या पोरांपर्यंत येईल, याची हमी कोण देणार? वाद मात्र दरवेळी पगारावरच होतो.

आता मुलीचं.

२०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशात आदेश दिला, की सरकारी पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी शाळेतच गेली पाहिजेत. ती बातमी मी ओळखीच्या प्रत्येकाला पाठवली होती. तो आदेश कागदावरच राहिला, पण मी मनावर घेतला. जून २०१६ मध्ये माझ्या मुलीचं नाव माझ्याच शाळेत पहिलीत घातलं. तेव्हाची मी आज समोर आली तर तिच्याशी मला नीट बोलता येणार नाही.

चार वर्ग, दोन शिक्षक. जून २०१७ मध्ये माझे सहकारी गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. भरती कित्येक वर्षं बंदच होती. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली त्या डिसेंबरात आणि प्रत्यक्ष नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक, हे शिक्षणहक्क कायद्यात लिहिलेलं आहे. शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत हेही कलम २७ मध्ये आहे, फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून. मतदारयादीचं काम निवडणुकीत मोडतं आणि ते वर्षभर चालतं. वर ‘सरल’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर माहिती भरायची, तांदळाचा हिशोब, केंद्रावरच्या बैठका. एकटी मी, चौतीस पोरं.

चौथीतली एक हुशार मुलगी दुसरीला सांभाळायची. एका दुपारी मी मोबाइलवर आधार क्रमांक भरत बसले होते, रेंज येत-जात होती. तिनं फळ्यावर गणित घातलं, ४२ वजा १७. आणि उत्तर लिहिलं ३५. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच तिच्या डोक्यात. चारातून एक गेला तीन, सातातून दोन गेले पाच. दशक सुटा केलाच नव्हता. दुसरीच्या नऊ पोरांनी ते उतरवून घेतलं. सुटीच्या आधी वह्या माझ्यापुढे आल्या आणि मी नवाच्या नऊ वह्यांवर लाल पेनानं बरोबरच्या खुणा केल्या. बघितलंच नाही. हात चालत होता.

रात्री मुलगी घरी तसंच दुसरं गणित सोडवत होती. मी म्हटलं, “अगं, चुकलं.” तिनं वही उघडून माझ्यापुढे धरली. “आई, तूच बरोबर दिलंयस.”

खूण माझीच होती.

दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे काढून नऊही जणांकडून ते गणित करून घेतलं. दशकाचा गठ्ठा सोडला की दहा काड्या होतात, बारातून सात गेले पाच, राहिले पंचवीस. त्यांना समजलं. पण त्या वर्षी मी न बघता आणखी किती खुणा केल्या, ते मला कोण सांगणार? माझ्या मुलीची वही निदान रात्री माझ्या हातात येत होती.

जून २०१८ मध्ये तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. दाखल्यासाठी पालकाचा अर्ज लागतो, तो मी लिहिला. प्रभारी मुख्याध्यापक मीच, म्हणून मंजूरही मीच केला. जनरल रजिस्टरमध्ये ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना असतो. त्यात ‘पालकांची विनंती’ लिहिलं आणि सही केली.

तिथे ती चांगली शिकली का? इंग्रजी कविता घडाघडा म्हणायची, अर्थ विचारला की गप्प. तिथल्या बाईंना माझ्या पहिल्या पगाराहून थोडेच जास्त मिळायचे आणि त्या दर वर्षी बदलायच्या. म्हणजे कमी पगारात चांगली शाळा चालते म्हणता, तर ती ही शाळा. तरी मी तिला परत आणली नाही. वर्गावर एक तरी माणूस उभा असतो, एवढ्यासाठी फी भरत राहिले. चुकलं असेल. पुन्हा ती वेळ आली तर काय करीन, आजही माहीत नाही.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा नातू उरलेल्या आठांत होता. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारलं, “बाई, गाडीवाला किती घेतो ओ म्हैन्याला?”

मी म्हटलं, “हजार.”

तेव्हा मावशींचं मानधन महिन्याला १,००० रुपये होतं, तेही वर्षातले दहाच महिने. “बरं,” म्हणाल्या आणि सूप उचलून चुलीकडे गेल्या. तुम्ही विचारता तो प्रश्न मावशींनी मला आजवर विचारलेला नाही.