खानापूरची मलप्रभा आणि हलशीतली राजधानी

बेळगावात पाहुणे आले की त्यांना कुठं न्यायचं हे जवळपास ठरलेलं असतं. किल्ला, कमल बस्ती, मिलिटरी महादेव, सवड असली तर गोकाकचा धबधबा. पाहुणे पुण्या-मुंबईचे असले तर तेही नाही, ते सरळ गोव्याला पळतात. त्यांच्या लेखी बेळगाव म्हणजे जाताना चहा आणि येताना कुंदा. यंदा डिसेंबरात नणंद दोन्ही मुलांना घेऊन आली तेव्हा मात्र मामंजींनी आदल्या रात्री जेवतानाच जाहीर करून टाकलं, "गोवा-बिवा काही नाही. ज्यांनी गोव्यावर राज्य केलं त्यांचं गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. ते बघा आधी."

गाव म्हणजे हलशी, खानापूर तालुक्यातलं. मामंजींची सगळी नोकरी तहसील कचेरीत, जमिनीच्या कागदांत गेली. तालुक्यातल्या कुठल्या गावात कुणाची शेती आणि कुठल्या भाऊबंदांत बांधावरून भांडण, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. त्यामुळे गाडीत गाइड फुकट होता. आत्या गुडघ्यांमुळे आल्या नाहीत, पण पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या, भरली वांगी, शेंगाचटणी आणि दहीभात असा डबा बांधून दिला. "तिकडं हाटेलबिटेल काय नाही गा," हे त्यांनी तीनदा सांगितलं. खरंच फारसं काही नाही.

खानापूरचा रस्ता आता चौपदरी झालाय. पूर्वी दोन्ही बाजूंना मोठाली झाडं होती, ती रुंदीकरणात गेली. गणेबैलचा टोल भरून पुढं निघालो तोच पणजीची एक बस आम्हाला मागं टाकून गेली. धाकट्या भाच्यानं मागची पाटी वाचली, "कदंबा!" मामंजी याचीच वाट बघत होते. गोव्याच्या सरकारी बसला हे नाव कुणामुळे मिळालं, ते कदंब राजे कोण, बनवासीचे आधीचे कोण आणि गोव्याचे नंतरचे कोण, हे सगळं खानापूर येईपर्यंत सांगून झालं. बनवासीचे कदंब चौथ्या शतकातले, गोव्याचे त्यांच्यानंतर पाच-सहा शतकांनी. दोघांचंही हलशीशी नातं, ही त्यांची एक राजधानी. पहिल्यांच्या काळात गावाचं नाव पलाशिका, दुसऱ्यांच्या काळात पलसिगे, आणि त्यांच्या ताब्यातल्या प्रांताला म्हणत 'पलसिगे बारा हजार'. "बारा हजार काय?" भाच्यानं विचारलं. यावर विद्वानांची अजून भांडणं चालू आहेत असं सांगून मामंजींनी खिडकीची काच खाली केली.

खानापुरात आधी नदीवर गेलो. घाटावर नऊच्या सुमाराला अजून धुकं होतं. पायऱ्यांवर बायका कपडे आपटत होत्या, पलीकडं एक भटजी कुणाचं तरी कार्य उरकत होते, आणि खालच्या अंगाला म्हशी पाण्यात बसलेल्या. पाणी इतकं शांत की २०१९ च्या ऑगस्टात हिनंच जिल्ह्याला पळता भुई थोडी केली होती हे वन्संना पटेना. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला, इथून पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ही बाई समुद्राकडं पाठ करून पूर्वेला निघते. सौंदत्तीचं धरण, मग पट्टदकल, ऐहोळे अशी चालुक्यांची देवळं बघत ३०० किलोमीटरवर कूडलसंगमला कृष्णेला मिळते. कणकुंबीच्याच डोंगरात पडलेला दुसरा पाऊस म्हादईत जाऊन गोव्याला पोचतो. कळसा-भंडुरा या म्हादईच्या ओढ्यांचं पाणी कुणी कुठं वळवायचं यावरून कर्नाटक आणि गोवा इतकी वर्षं कोर्टकचेऱ्या करतायत, ती याच डोंगरापायी.

पुढं नदीकाठच्याच असोग्याला फार रमलो नाही. रामलिंगेश्वराचं देऊळ, खाली खडकांतून वाहणारी नदी, काठावर वाकलेली झाडं. जागा सुरेख आहे यात शंका नाही. पण खडकांच्या सांदीत पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास आणि बाटल्या इतक्या की बसायला स्वच्छ दगड शोधावा लागला. शिवाय पात्रात मध्येच खोल डोह आहेत, दरवर्षी कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येते. पोरांना घोट्यापर्यंत पाण्यात सोडलं, भाकरी-चटणी खाल्ली आणि उठलो.

नंदगडच्या बाजूला वळल्यावर तालुक्याचं खरं रूप दिसायला लागलं. भाताची सुगी संपत आलेली, कापलेल्या शेतांत गवताच्या गंज्या, कुठं रस्त्यावरच मळणी टाकलेली. बरं झालं डिसेंबरात आलो. पावसाळ्यात या तालुक्यात पाऊस म्हणजे काय असतो ते बेळगावकरालाही इथं आल्याशिवाय कळत नाही.

हलशीत शिरताना राजधानीत शिरतोय असं काही वाटत नाही. कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेलं भात, शेणाचा वास, दोन किराणा दुकानं. पाटी कानडीत. ती माझ्या लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवली, कारण गाडीत भराभर कानडी वाचणारी ती एकटीच, शाळेची कृपा. मोठा भाचा म्हणाला, "मामी, किल्ला कुठाय?" किल्ला असा बघायला काही उरलेला नाही. गावाच्या मधोमध भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, आणि गावात, गावाबाहेर गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर अशी महादेवाची देवळं विखुरलेली. कुणाची पूजा चालू, कुणाचे नुसते खांब उभे. लांब टेकडीवर रामतीर्थ. तिकीट नाही, रांग नाही, फोटो काढून देणारा नाही. देवळात आम्ही सात जण आणि एक पुजारीकाका.

हे देऊळ मात्र निवांत बघण्यासारखं आहे. काळसर दगड, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेलं शिखर. कोरीवकामाची गर्दी नाही, म्हणूनच ते शिखर डोळ्यांत भरतं. आत गेल्यावर पोरं गोंधळली, कारण गाभारे दोन, आणि ते समोरासमोर. एकात नारायण आणि नरसिंह, दुसऱ्यात वराह. म्हणजे एका देवाला नमस्कार करायचा तर दुसऱ्याला पाठ होते. धाकट्यानं यावर तोडगा काढला, मधे उभं राहून आडवा नमस्कार केला. पुजारीकाकांना हसू आवरेना. "बरोबर हाय की," म्हणाले, "दोगांस्नी पावला."

सभामंडपातले खांब बघताना वन्सं एका खांबाशी बराच वेळ उभ्या होत्या. खांब गोल, आणि त्याच्या अंगावर बांगड्यांसारखी एकाखाली एक कडी, काही धारदार, काही गोलसर. दोन कड्यांच्या मधल्या खाचेत बोट घातलं की ते फिरत फिरत पुन्हा होतं तिथं येतं, कुठं अडत नाही. दगड फिरवत ठेवून कातल्याशिवाय अशी खाच साधत नाही. एवढा वजनदार खांब त्या काळी फिरवायचा कसा, यावर आमच्या ह्यांनी आणि मोठ्या भाच्यानं, जो इंजिनिअरिंगला जायचं म्हणतो, अर्धा तास वाद घातला. निकाल लागला नाही.

वराहाच्या गाभाऱ्यात उजेड कमी. पुजारीकाकांनी निरांजन मूर्तीच्या तोंडाजवळ धरलं तेव्हा ते वर उचललेलं मुस्कट आणि त्याच्याशी असलेली इवलीशी भूदेवी दिसली. मूर्ती पुरुषभर उंचीची आहे. लेक जरा मागं सरकली. इतक्या जवळून आणि एवढ्या अंधारात बघितलं तर मोठ्यांच्याही अंगावर काटा येईल.

इथल्या शिलालेखात काळ दिलाय तो शकात नाही, कलियुगात. गोव्याच्या कदंबांची ही खास रीत. कली ४२७०. मामंजींनी पोरांना गणित घातलं, ३१०१ वजा करा. मोबाइल काढायच्या आत लेकीनं तोंडी सांगितलं, ११६९. तेव्हा राज्य शिवचित्त परमर्दीचं. वराहाची मूर्ती पुढं विजयादित्याच्या काळात बसली. शिवचित्ताची राणी कमलादेवी. तिनं कित्तूरजवळ देगावला बांधलेलं कमलनारायणाचं देऊळ कोरीवकामात हलशीच्या कितीतरी पुढं आहे, आणि तिथंही कुत्रं फिरकत नाही.

पण मामंजींनी आम्हाला इथवर आणलं ते देवळासाठी नव्हे, हे जेवताना कळलं. झाडाखाली डबा सोडला, वांगी संपली, दहीभातावर हात पडला, आणि ते म्हणाले, "राजधानी म्हणून तुम्ही वाडे शोधताय. राजधानीचा खरा ऐवज सापडला तो या गावच्या मातीत, तांब्याच्या पत्र्यांवर." बनवासीच्या कदंबांचे ताम्रपट हलशीत सापडले. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात ते वाचून छापले. भाषा संस्कृत. आणि आत काय? लढायांचे उल्लेख ओझरते, राजवाड्यांची वर्णनं नाहीत. जमिनी आहेत.

काकुत्स्थवर्मा युवराज असताना श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीनं त्याचा जीव वाचवला, म्हणून त्याला एक शेत दिलं. पाचव्या शतकातली ही गोष्ट. शेताचं नाव, गावाचं नाव, सगळं लिहिलेलं. पुढं मृगेशवर्म्यानं पलाशिकेत वडिलांच्या आठवणीसाठी जैन मंदिर बांधलं आणि त्याला ३३ निवर्तनं जमीन लावून दिली. हद्द कशी सांगितली? मातृसरित नदीपासून इंगिणीच्या संगमापर्यंत. मामंजी इथं थांबले. चाळीसेक वर्षं माणसं त्यांच्याकडं हेच सांगत आली होती, ओढ्यापासून आंब्यापर्यंत आमची. "उताराच आहे की हा," ते म्हणाले. "फक्त तांब्यावर."

मला त्यातला रविवर्म्याचा ताम्रपट सगळ्यांत आवडला. त्यानं एका गावाचं उत्पन्न तोडून दिलं, दरवर्षी कार्तिक पौर्णिमेला आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव करण्यासाठी, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यतींना जेवू घालण्यासाठी. चार महिने. हलशीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला यातलं शहाणपण लगेच कळेल. त्या दिवसांत इथून कुणी बाहेर पडणार कसा आणि भिक्षा मागणार कुठं? दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या कागदात मला प्रथमच आपल्या ओळखीचं काही सापडलं, ते म्हणजे हा पाऊस.

जुन्या जैन बस्तीचे, म्हणजे मंदिराचे, अवशेष बघायला गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पडझड झालेली, आत वटवाघळं, आजूबाजूला गवत. मृगेशवर्म्याचं मंदिर हेच, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून घ्यावं आणि पुढं जावं. शेजारच्या शेतातल्या काकी विळा हातात घेऊन आमच्याकडं बघत होत्या. "काय मोजायला आलासा?" त्यांनी विचारलं. मामंजींचा चेहरा उजळला. मग काय, दोघांच्या ओळखी निघाल्या, काकींच्या सासऱ्यांचा कुठलासा जुना फेरफार निघाला, आणि आम्ही वीस मिनिटं बांधावर उभे.

परतताना नंदगडला थांबलो. संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ ला इथंच वडाच्या झाडावर फाशी दिली. समाधीपाशी मोठा वड आहे, माणसं येतात, नारळ फोडतात, नवस बोलतात. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या पाडावानंतर रायण्णा लढत राहिला. त्याची बरीचशी जमीन सरकारनं काढून घेतली होती, उरलेल्या जमिनीवर जबर सारा बसवला होता. त्यानं माणसं गोळा केली, इथून जवळच बिडीची कचेरी जाळली, जमिनीची दप्तरं जाळली.

"म्हणजे आजोबा, तुमच्याच खात्याची दप्तरं की!" मोठा भाचा म्हणाला.

"व्हय की," मामंजी म्हणाले.

"मग तुम्हाला राग नाही येत?"

मामंजी चप्पल काढून समाधीपाशी गेले, डोकं टेकवून आले. म्हणाले, "शेतच काढून घेतल्यावर दप्तराची काय पूजा करायची होती त्यानं?" आणि चहाची टपरी कुठं दिसते का ते बघायला लागले.

जाणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बेळगावहून खानापूर २५-२६ किलोमीटर, तिथून नंदगड-हलशीकडं बस आहेत, पण दिवसभरात एवढं सगळं बघायचं तर आपली गाडी बरी. देवळाला दुपारी कुलूप असण्याची शक्यता धरून हलशी सकाळी करा आणि असोगा परतताना ठेवा, आम्ही उलटं केलं तरी. बॅटरी न्या, गाभाऱ्यात लागते. जेवण घरूनच. देगाव या दिवसात बसत नाही. वन्संनी मे महिन्यात त्यासाठी परत यायचं कबूल केलंय, आणि या खेपेला आत्यांनाही न्यायचं म्हणून त्यांच्या गुडघ्यांवर घरात आतापासूनच उपाय सुरू झालेत.